नायजर त्रिभुज प्रदेश : तेलाचा पैसा आणि फसलेला विकास

नायजेरियाच्या दक्षिणेला नायजर नदी अनेक फाट्यांनी गिनीच्या आखाताला मिळते. तिथल्या खाड्या-खारफुटीच्या प्रदेशातून आणि लगतच्या समुद्रातून देशाचे जवळजवळ सगळे खनिज तेल निघते. आजच्या बायेल्सा राज्यातील ओलोइबिरी येथे १९५६ मध्ये व्यापारी प्रमाणात तेल सापडले आणि १९५८ मध्ये निर्यात सुरू झाली. ओलोइबिरीची विहीर केव्हाच बंद पडली. सुबत्ता मात्र त्या गावात कधी आलीच नाही.

या प्रदेशाकडे सरकारने पाहिलेच नाही, असे म्हणता येत नाही. इथे योजनांची वाण कधीच नव्हती. स्वातंत्र्याआधीच, १९५८ मध्ये, ब्रिटिश सरकारने नेमलेल्या विलिंक आयोगाने या भागासाठी वेगळे विकास मंडळ सुचवले आणि ते पुढे स्थापनही झाले. १९९२ मध्ये ओम्पाडेक हा तेल-उत्पादक भागांच्या विकासाचा आयोग आला, २००० मध्ये त्याची जागा एनडीडीसीने (नायजर त्रिभुज प्रदेश विकास आयोग) घेतली, २००८ मध्ये स्वतंत्र मंत्रालयही निघाले. आधीची संस्था बुडाली म्हणून नवी काढायची, पण बुडालेल्या पैशाचा जाब कोणाला विचारायचा नाही, हीच रीत पडली.

स्वातंत्र्याच्या वेळी खनिजांच्या स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) निम्मा वाटा उत्पादक प्रांताला मिळे. लष्करी राजवटींत तो घसरत दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या राज्यघटनेने किमान १३ टक्के वाटा ठरवला, पण तो राज्य सरकारांच्या तिजोरीत. तेल निघते त्या गावाच्या हाती नव्हे. बायेल्साचे गव्हर्नर अलामियेसेइघा यांना २००५ मध्ये लंडनमध्ये अटक झाली, तेव्हा त्यांच्या तिथल्या घरात सुमारे १० लाख पौंड रोख सापडले. जामिनावर असताना ते मायदेशी पळाले, २००७ मध्ये दोषी ठरले आणि २०१३ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांना २०१२ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली, तीही लंडनच्या न्यायालयात.

मोठ्या नावांपेक्षा रोजची गळती अधिक घातक. कंत्राट राजधानीत ठरते, कंत्राटदार आगाऊ रक्कम उचलतो, गावात योजनेचा फलक लागतो. पुढे कधी चौथऱ्यावरच काम थांबते, तर कधी पाण्याची टाकी उभी राहते, पण पंपाला वीज नसते आणि जनरेटरच्या डिझेलची तरतूद कोणीच केलेली नसते. कागदोपत्री अशी टाकी म्हणजे 'पूर्ण झालेले काम'. २०१९ मध्ये एनडीडीसीच्या गैरव्यवहार शोधणाऱ्या (फॉरेन्सिक) लेखापरीक्षणाचा आदेश निघाला. २०२१ मध्ये सादर झालेल्या अहवालानुसार २००१ ते २०१९ या काळात संस्थेला सुमारे ६ लाख कोटी नायरा (नायजेरियाचे चलन) मिळाले होते आणि तिच्या १३,७७७ कामांच्या अंमलबजावणीत गंभीर दोष होते.

तेलकंपन्यांनी दिलेल्या पैशाने गावे आतून फुटली. पाइपलाइनच्या राखणीची कंत्राटे, नुकसानभरपाई, प्रमुखांना व तरुणांच्या टोळक्यांना शांततेसाठी दिलेल्या रकमा यांवरून भाऊबंदकी पेटली. या भागातील सशस्त्र बंडखोरांसाठीच्या २००९ च्या माफी योजनेत शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना दरमहा ६५,००० नायरा मिळू लागले. ज्यांनी शस्त्र उचललेच नाही, त्या मच्छीमारांना काहीच नाही. यातून तरुण पिढी काय शिकली असेल, हे सांगायला नको.

याच प्रदेशातल्या ओगोनी जमातीच्या लोकांनी सनदशीर मार्गाने हक्क मागितले. त्यांचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालानुसार ओगोनी भागातल्या निसिसिओकेन ओगाले येथे लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यांत बेंझीन या कर्करोगकारक रसायनाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक होते. पूर्ण शुद्धीकरणाला २५ ते ३० वर्षे लागतील आणि सुरुवातीला १०० कोटी डॉलर हवेत, असा अंदाज त्यात होता. प्रत्यक्ष काम बरीच वर्षे रेंगाळले.

२०२१ च्या पेट्रोलियम उद्योग कायद्याने कंपन्यांच्या वार्षिक परिचालन खर्चाच्या ३ टक्के रक्कम यजमान (तेल काढले जाते त्या) गावांच्या विश्वस्त निधीत भरणे बंधनकारक केले. विश्वस्त मंडळात कोण असावे हे मात्र गावांशी सल्लामसलत करून कंपनीच ठरवते. शिवाय परिसरात तोडफोड झाली, तर दुरुस्तीचा खर्च गावाच्या वाट्यातून कापला जातो.