दीडशे मिनिटे आणि दोन दिवस: आठवड्याच्या व्यायामाचा हिशेब कुठून आला?

प्रौढ व्यक्तीने आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम तीव्रतेचा दमसासाचा व्यायाम, म्हणजे कार्डिओ, करावा आणि किमान 2 दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, ही शिफारस आता बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. तिच्यातील एक विसंगती मात्र सहसा लक्षात येत नाही. कार्डिओ मिनिटांत मोजला आहे आणि ताकदीचा व्यायाम दिवसांत. एकाच आठवड्याच्या वेळापत्रकात दोन वेगळी मापे का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना लक्षात येते की ही शिफारस एका संशोधनातून एकसंध निघालेली नाही. जवळजवळ चार दशके एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या दोन परंपरा पुढे एकत्र जोडल्या गेल्या आणि तो सांधा आजही दिसतो.

पहिली परंपरा हृदयविकाराच्या अभ्यासाची आहे. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांच्या आरोग्याची तुलना केली आणि 1953 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभरात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि जो आढळला तो तुलनेने सौम्य होता. मात्र चालक होणारी माणसे मुळातच जाड असतील तर हा फरक जिन्यामुळे पडला असे कसे म्हणता येईल, ही शंका मॉरिस यांनी स्वतःच गांभीर्याने घेतली. त्यासाठी त्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या पँटचा कमरेचा घेर खरोखरच जास्त निघाला, नोकरीला नवीन असलेल्या तरुणांमध्येसुद्धा, आणि हा निष्कर्षही त्यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याच सिद्धान्ताला अडचणीचा ठरू शकेल असा पुरावा इतक्या प्रामाणिकपणे शोधून मांडणे, ही या साऱ्या इतिहासातील मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट आहे.

पुढे राल्फ पॅफेनबर्गर यांनी अमेरिकेतील गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी यांच्यावर दीर्घकाळ लक्ष ठेवले. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, शारीरिक हालचालीत आठवड्याला 2000 किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा खर्च करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांपेक्षा 64 टक्क्यांनी अधिक होता. इथे ‘आठवडा’ हे मोजमापाचे एकक म्हणून ठळकपणे पुढे येते. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी त्याआधीच, 1968 मध्ये, ‘एरोबिक्स’ हा शब्द सर्वसामान्यांपर्यंत नेला होता. त्यांच्या पद्धतीत धावणे, पोहणे, सायकल चालवणे अशा प्रत्येक व्यायामाला गुण होते आणि आठवड्याला 30 गुण मिळवायचे होते. ताकदीच्या व्यायामाला त्या हिशेबात जवळपास स्थानच नव्हते. याच वातावरणात अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने 1978 मध्ये निरोगी प्रौढांसाठी पहिली शिफारस जाहीर केली. तिच्यात आठवड्यातून 3 ते 5 दिवस, प्रत्येक वेळी 15 ते 60 मिनिटे दमसासाचा व्यायाम सांगितला होता. स्नायूंच्या ताकदीसाठी स्वतंत्र असे काहीच सांगितलेले नव्हते.

दुसरी परंपरा रुग्णालयात जन्मली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी रुग्णालयांत गुडघ्याच्या आणि मांडीच्या दुखापतींमुळे महिनोन्महिने अडकून पडलेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. त्या काळच्या उपचारात हलक्या वजनाने पुष्कळ आवर्तने करून घेण्याची पद्धत होती. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरांनी हे उलटे करून पाहिले. किशोरवयातल्या दीर्घ आजारपणानंतर त्यांनी स्वतः वजने उचलून प्रकृती सावरली होती, त्यामुळे जड वजनाची भीती त्यांना नव्हती. रुग्णाच्या पायाला लोखंडी बूट बांधायचा, त्याला वजने अडकवायची आणि बसल्या जागी गुडघा सरळ करायला लावायचा, आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत न्यायचे, अशी त्यांची रीत होती. 1945 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. 1948 पर्यंत ती आणखी आटोपशीर झाली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने दहा आवर्तने, पाऊण वजनाने दहा आणि पूर्ण वजनाने दहा. आज व्यायामशाळेत सर्रास सांगितल्या जाणाऱ्या ‘दहाचे तीन सेट’ या सूत्राचे मूळ इथे आहे.

तरीही ताकदीचा व्यायाम शंकेच्या सावलीतून लवकर बाहेर आला नाही. वजने उचलल्याने स्नायू आखडतात आणि माणूस मंद होतो, असे प्रशिक्षक आणि डॉक्टर दोघेही मानत. 1940 मध्ये स्प्रिंगफील्ड कॉलेजात झालेल्या एका प्रात्यक्षिकात, याच मताचे असलेले शरीरशास्त्रज्ञ पीटर कार्पोविच यांनी शरीरसौष्ठवपटू जॉन ग्रिमेक यांना सर्वांसमोर स्वतःची पाठ खाजवून दाखवायला सांगितले. ग्रिमेक यांनी ती सहज खाजवून दाखवली. कार्पोविच यांनी आपले मत पुन्हा तपासले आणि 1951 मध्ये त्यांनी व विल्यम झोर्बास यांनी 600 पुरुषांच्या हाताच्या हालचालीचा वेग मोजून प्रसिद्ध केला. वजने उचलणारे न उचलणाऱ्यांपेक्षा मंद नव्हते, उलट अधिक वेगवान निघाले.

या दोन परंपरा जोडल्या जाण्यामागे वयाचा प्रश्न होता. मायकेल पोलॉक यांनी पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा दहा वर्षांच्या अंतराने पुन्हा अभ्यास केला. ज्यांनी कसून धावणे चालू ठेवले होते त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता टिकली होती, पण शरीरातील चरबीविरहित वजन त्यांचेही घटले होते. केवळ धावून स्नायू राखले जात नाहीत, याचा हा स्पष्ट संकेत होता. 1989 मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी वयानुसार होणाऱ्या स्नायूंच्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले. पुढच्याच वर्षी मारिया फियातारोन यांच्या गटाने वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम दिला. अभ्यास पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली. ज्या वयात सगळे ‘जपून’ म्हणतात, त्या वयातला हा निकाल होता.

1990 मध्ये अमेरिकन कॉलेजने आपली शिफारस सुधारली आणि तिच्यात ताकदीचा व्यायाम प्रथमच आला: 8 ते 10 व्यायामप्रकार, प्रत्येकी 8 ते 12 आवर्तनांचा किमान एक सेट, आठवड्यातून किमान 2 दिवस. दोनच दिवस का? जास्त दिवस आणि जास्त सेट केल्यास ताकद अधिक वाढते हे माहीत होते, पण ती जास्तीची वाढ तुलनेने लहान होती आणि तासाहून लांबणारे कार्यक्रम लोक अर्ध्यावर सोडून देत. म्हणजे ‘दोन दिवस’ हा व्यवहार पाहून ठरवलेला किमान आकडा आहे, त्याला आदर्श प्रमाण समजणे चूक ठरेल. दिवसांचे मापही प्रयोगशाळेतून आले, कारण तिथे सत्रे मोजली जात होती, आठवड्याची एकूण ऊर्जा नव्हे. अमेरिकी सरकारच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांनी 150 मिनिटे आणि 2 दिवस एकत्र मांडले, आणि 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच केले.

दरम्यान एक भीती मूळ धरून बसली होती: दोन्ही व्यायाम एकत्र केले तर ताकद वाढत नाही. तिचा उगम रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 च्या प्रयोगात आहे. ताकदीचा व्यायाम करणारे हिक्सन संशोधनासाठी जॉन होलोझी यांच्या प्रयोगशाळेत आले, त्यांच्याबरोबर रोज धावू लागले आणि आपले स्नायू उतरत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. पुढे त्यांनी दहा आठवड्यांचा प्रयोग केला. दोन्ही व्यायाम करणाऱ्या गटाची ताकद सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत केवळ ताकदीचा व्यायाम करणाऱ्या गटासारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटी घटली. दमसास मात्र पूर्ण वाढला. हा निष्कर्ष सगळीकडे उद्धृत होतो, पण त्यातले वेळापत्रक क्वचितच सांगितले जाते. त्या गटाने आठवड्यात 5 दिवस पायांचे जड व्यायाम आणि 6 दिवस प्रत्येकी 40 मिनिटे अत्यंत तीव्र धावणे किंवा सायकल चालवणे केले होते. आठवड्याला अकरा सत्रे, तीही त्याच पायांची! आठवड्यात तीनदा भरभर चालणाऱ्या आणि दोनदा वजने उचलणाऱ्या माणसाने या प्रयोगाचा धसका घ्यावा, हे मला पटत नाही. हिक्सन यांनीच 1988 मध्ये दाखवले की दमसासाचा सराव असलेल्यांनी ताकदीचे व्यायाम जोडले तर ते सायकलवर थकेपर्यंत अधिक वेळ टिकतात: 71 मिनिटांवरून 85 मिनिटे.

कार्डिओमुळे ताकदीच्या वाढीत येणाऱ्या या अडथळ्याची कारणे एकविसाव्या शतकात पेशींच्या पातळीवर शोधली गेली. स्नायूंची वाढ घडवणारी एमटॉर ही यंत्रणा आणि ऊर्जा कमी पडल्यावर जागी होणारी एएमपीके ही यंत्रणा यांच्यातील ओढाताण हे त्याचे आवडते स्पष्टीकरण ठरले, पण माणसांवरील प्रयोगांत ते तितक्या स्वच्छपणे उतरले नाही. 2022 मध्ये 43 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यात दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांना बाधा येत नाही, असे आढळले. झटक्याने जोर लावण्याची क्षमता थोडी कमी वाढते, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केल्यास. त्यामुळे उडी किंवा झेप लागणाऱ्या खेळाडूने दोन्ही सत्रांत काही तासांचे अंतर ठेवावे किंवा दिवस वेगळे ठेवावेत. इतरांनी सोयीनुसार एकाच दिवशी दोन्ही केले तरी चालते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये कार्डिओचे प्रमाण 150 ते 300 मिनिटे असे रुंदावले आणि ‘एका वेळी किमान 10 मिनिटे’ ही आधीची अट काढून टाकली. ताकदीच्या व्यायामाचे ‘किमान 2 दिवस’ तसेच राहिले. तो मिनिटांत मोजण्याचा प्रयत्न 2022 मधील 16 अभ्यासांच्या आणखी एका विश्लेषणात दिसतो. आठवड्याला 30 ते 60 मिनिटे ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका सर्वांत कमी आढळला, आणि दोन्ही प्रकार करणाऱ्यांमध्ये तो, काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे 40 टक्क्यांनी कमी होता. ही मिनिटे लोकांनी स्वतः सांगितलेली आहेत आणि वजन किती जड होते हे त्यांतून कळत नाही. डीलॉर्म यांच्या तक्त्यात नेमके तेच नोंदलेले असे, आणि मिनिटांचा रकाना तिथे नव्हता.