हाय कॉन्ट्रास्ट म्हणजे डार्क मोड नव्हे

संकेतस्थळाला डार्क मोड दिला की मंद दृष्टीच्या लोकांची सोय झाली, असा समज सांगली-मिरजेत वेबसाइट बनवून देणाऱ्या अनेकांमध्ये रूढ आहे. तो चुकीचा आहे. डार्क मोडचे रंग आपण ठरवतो, तर विंडोजच्या कॉन्ट्रास्ट थीमचे, म्हणजे मजकूर ठळक उठून दिसावा म्हणून असलेल्या हाय कॉन्ट्रास्ट रंगसंचाचे, रंग वापरणारा ठरवतो आणि ब्राउझर आपले रंग बाजूला सारून तेच लावतो. ही थीम काळीच असते असेही नाही. विंडोज 11 मधील ‘डेझर्ट’ची पार्श्वभूमी फिकट आहे.

हळदीच्या एखाद्या अडत दुकानाच्या ऑनलाइन अर्जावरील ‘पाठवा’ हे बटण पाहा. ते केवळ पिवळ्या पार्श्वरंगावर आणि सावलीवर उठून दिसत असेल, तर या थीममध्ये पिवळा रंग जातो, ती सावली (बॉक्स-शॅडो) नाहीशी होते आणि उरतो नुसता शब्द. अशा बटणाला एक पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर द्यावी. एरवी ती दिसत नाही, पण थीमचे हे सक्तीचे रंग लागू होताच तिलाही रंग मिळतो. कीबोर्डचा फोकस, म्हणजे आपण कोणत्या बटणावर आहोत याची खूण, सावलीने दाखवणाऱ्यांनी आउटलाइनही (भोवतीची रेघ) तशीच पारदर्शक ठेवावी, ती काढून टाकू नये. ‘फोर्स्ड-कलर-ॲडजस्ट’ या सीएसएसमधील (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या भाषेतील) गुणधर्माला ‘नन’ देऊन आपले रंग पुन्हा लादणे मात्र, कापडाच्या छटा दाखवण्यासारखी खरी गरज नसेल तर, सरळ अन्यायाचे आहे, कारण वाचता यावे म्हणूनच त्या माणसाने ते बदललेले असतात.