नाकाचा शेंडा आणि दुसऱ्या ऑपरेशनची घाई

नाकाची सर्जरी होऊन तीन-चार महिने झाले की बरेच जण आरशात बघून खचतात. शेंडा अजून जाडच दिसतोय, जरा एका बाजूला गेलाय, आणि मग लगेच रिव्हिजनसाठी, म्हणजे नाक पुन्हा ऑपरेशन करून दुरुस्त करण्यासाठी, दुसऱ्या सर्जनची शोधाशोध सुरू होते. हे दुःख खरंच असतं, एवढा खर्च केलेला असतो, घरच्यांची समजूत घातलेली असते. तरी कळकळीने सांगावंसं वाटतं, थोडं थांबा.

कारण नाकाचा वरचा भाग हाडाचा असतो पण शेंडा सगळा कार्टिलेजवर (लवचिक कूर्चेवर) उभा असतो, म्हणजे दोन्ही नाकपुड्यांवरच्या दोन पातळ कमानी आणि मधल्या पडद्याचा आधार. त्यावरची कातडी जाड आणि तेलकट ग्रंथींनी भरलेली. सर्जरीत पेशींमधलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या तुटतात, पाणी साचतं, ते हळूहळू उतरतं आणि सगळ्यात शेवटी उतरतं ते शेंड्याचं. साधारण वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर दीड-दोन वर्षंसुद्धा, म्हणून तर बहुतेक सर्जन किमान १२ महिने थांबायला सांगतात.

आता शेंड्याच्या जरा वर येणारा फुगवटा घ्या, याला पॉलीबीक म्हणतात. कधी तो पहिल्या वेळी कार्टिलेज कमी कापल्यामुळे येतो, आणि कधी जास्त कापल्यामुळे, कारण आत पोकळी राहते आणि ती जखम भरताना तयार होणाऱ्या व्रणाच्या पेशीजालाने भरते, किंवा शेंड्याचा आधार जाऊन तो खाली बसतो आणि वरचा भाग उंच वाटायला लागतो. बाहेरून सगळं सारखंच दिसतं पण उपाय एकदम उलटे! व्रणाचा फुगवटा असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बऱ्याचदा काम भागतं, सुरी लागतच नाही. आधार गेला असेल तर मात्र कापायचं नसतं, उलट भर घालावी लागते.

ही भर आणायची कुठून हाच रिव्हिजनमधला मोठा प्रश्न. मधल्या पडद्याचं कार्टिलेज सगळ्यात सोयीचं, पण ते पहिल्या वेळीच वापरलेलं असू शकतं. मग कानाचं, ते मऊ आणि वळलेलं असतं. नाहीतर बरगडीचं, ते भरपूर मिळतं, मजबूतही असतं पण नंतर वाकू शकतं, शिवाय छातीवर व्रण राहतो. त्यात एकदा उघडलेल्या नाकात सगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठा कमी झालेला असतो, म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांना जोखीम जास्त.

आणि प्लीज, सेल्फीवरून नाक ठरवू नका. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित करून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे फोन जवळ धरला की चांगला बसलेला शेंडाही जाडच दिसणार.

श्वासाचं मात्र वेगळं आहे. जोरात श्वास घेताना नाकपुड्या आत ओढल्या जात असतील, शेंडा चिमटल्यासारखा दिसत असेल तर हा नुसता दिसण्याचा विषय राहत नाही, कमानी कमकुवत झालेल्या असू शकतात, तेव्हा वर्षभर गप्प न बसता लगेच दाखवून घ्या. जाताना पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स आणि आधीचे फोटो मागून घ्या. आत काय कापलं, काय शिल्लक आहे हे नव्या डॉक्टरांना कळण्याचा त्याहून चांगला मार्ग नाही.