डुकराची मान, माणसाची टाच

नवरात्र जवळ आलं की कोल्हापुरात अनवाणी माणसं दिसू लागतात आणि त्यांच्या मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरू लागतात. 'अनवाणी चालण्याचे फायदे हार्वर्डच्या शास्त्रज्ञानं सिद्ध केले!' खाली तळपायाचं रंगीत चित्र: इथं दाबलं की लिव्हर, तिथं दाबलं की किडनी. आता, ललिता पंचमीला टेंबलाईला अनवाणी जाणं ही ज्याच्या-त्याच्या श्रद्धेची बाब आहे, तिला हार्वर्डचं सर्टिफिकेट कशाला हवं? पण त्या शास्त्रज्ञाच्या नावावर जे खपवलं जातंय ते त्यानं म्हटलेलंच नाही. आणि त्यानं जे खरंच शोधलं ते असल्या बटणांपेक्षा कितीतरी भारी आहे.

डॅनियल लिबरमन हे हार्वर्ड विद्यापीठातले मानवी उत्क्रांतीचे प्राध्यापक. पायांकडे ते फार उशिरा वळले. मूळचा त्यांचा अभ्यास डोक्याचा, म्हणजे कवटीचा. शरीरावर ताण पडला की हाडं कशी जाड होतात हे तपासायला ते प्रयोगशाळेत डुकरांना ट्रेडमिलवर पळवत. तिथं डेनिस ब्रॅम्बल नावाचे दुसरे शास्त्रज्ञ आले, डुकराकडे बघत राहिले आणि म्हणाले, या प्राण्याला पळताना डोकं स्थिर ठेवता येत नाहीये.

इथून लिबरमन यांच्या संशोधनाची दिशाच बदलली. घोडा, कुत्रा, ससा हे पळणारे प्राणी. यांच्या मानेमागे दोरीसारखा एक अस्थिबंध असतो, तो डोकं सावरून धरतो. डुकराला तो नाही. चिंपांझीलाही नाही. माणसाला आहे! आणि हा अस्थिबंध कवटीच्या मागच्या बाजूला बारीक कंगोरा सोडून जातो, त्यामुळे मांस कधीच नाहीसं झालेल्या जीवाश्मावरही त्याची खूण शोधता येते. होमो इरेक्टस या माणसाच्या जुन्या पूर्वजाच्या कवटीवर ती सापडते, त्याआधीच्या ऑस्ट्रॅलोपिथेकसच्या कवटीवर सापडत नाही. नुसतं चालणाऱ्याला अशा दोरीची फारशी गरज नसते. मग आपले पूर्वज पळत होते का? २००४ साली लिबरमन आणि ब्रॅम्बल यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत तसा दावा केला: सुमारे २० लाख वर्षांपूर्वीपासून लांब पल्ल्याच्या धावण्यानं माणसाचं शरीर घडत गेलं. पायाची आखूड बोटं, मोठे नितंबाचे स्नायू, घाम, सगळं त्यांनी त्यात मांडलं. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे.

पुढं लिबरमन यांच्या एका व्याख्यानाला बूट न घालता धावणारा एक माणूस आला. बूट नव्हते तेव्हा लोक कसे पळत असतील, असा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधता शोधता २०१० चा शोधनिबंध झाला. मेसेजवाले ज्याचा हवाला देतात तो बहुधा हाच, आणि माझा जीव अडकलाय तोही यातच.

सकाळी रंकाळ्यावर पळणाऱ्यांच्या पायांकडे नीट बघा. बूटवाल्यांपैकी बहुतेकांची टाच आधी टेकते. त्याच माणसाला बूट काढून कडक रस्त्यावर असंच पळायला लावलं तर पहिल्या ५० मिलीसेकंदांच्या आत जमिनीकडून त्याच्या वजनाच्या दीडपट ते तिप्पट बलाचा झटका येतो. कारण आठवी-नववीतलंच आहे. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. टाच टेकली की पाऊल आणि नडगी जागच्या जागी थांबतात. वेळ कमी, म्हणून बल जास्त. चवडा आधी टेकला तर घोटा वाकतो, टाच मागाहून खाली येते, आणि तिला पोटरी व टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, ताणून धरत हळूहळू उतरवतात. छातीवर बॉल घेणारा आपला फुटबॉलवाला छाती किंचित मागं घेऊन बॉलचा वेग मारतो ना, तोच हिशेब. शिवाय त्या क्षणी दचकून थांबणारं वस्तुमानही घटतं. लिबरमन यांच्या मोजणीत अनवाणी टाचेवर पडणाऱ्यांचं असं वस्तुमान शरीराच्या सरासरी ६.८ टक्के निघालं, चवड्यावर पडणाऱ्यांचं १.७ टक्के. म्हणजे ६० किलोच्या माणसात एकीकडे सुमारे चार किलो, दुसरीकडे जेमतेम एक.

आता नीट ऐका. चवड्यावर पळाल्यानं शरीराचा एकूण भार कमी होत नाही. बल आणि काळ यांचा आलेख काढला तर वक्राखालचं क्षेत्रफळ दोन्हीकडे जवळपास तेवढंच राहतं. सुरुवातीचा टोकदार सुळका तेवढा गायब होतो. आणि सुळका गेला तरी पोटरी व टेंडनला जादा राबावं लागतं. ज्यांना सवय नाही त्यांची पोटरी दुसऱ्या दिवशी हे सांगतेच.

तर, हे सगळं धावण्याबद्दल आहे. चालताना सगळी माणसं, अनवाणी असोत की बूट घातलेली, टाचच आधी टेकवतात, आणि चालण्यातला धक्का मुळातच कमी असतो. म्हणजे नवरात्रात चालणाऱ्यांना हा शोधनिबंध लागूच होत नाही. लिव्हर-किडनीचा तर त्यात उल्लेखही नाही.

भोळेपणा फक्त आपल्याकडेच असतो असं नाही. तिकडे पाच बोटांच्या मोज्यासारखे 'अनवाणी बूट' धडाधड खपले. २०१० च्या अभ्यासाला थोडा पैसा असे बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीचाही होता, आणि हे निबंधात लिहिलेलं आहे. बुटांनी दुखापती टळतात असा प्रचार केल्याबद्दल त्या कंपनीवर खटला झाला; २०१४ मध्ये चूक कबूल न करता तिनं ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. त्याआधीच, २०१३ मध्ये, दुसऱ्या संशोधकांनी उत्तर केनियातल्या, जन्मभर अनवाणी राहणाऱ्या दासानच लोकांना पळताना मोजलं होतं. सवयीच्या वेगात त्यातले बहुतेक टाचेवरच पडत होते. एकच 'नैसर्गिक' पद्धत वगैरे काही नसते. उत्क्रांतीला तुमच्या गुडघ्यांची चिंता नाही. पिल्लं जगली, वाढली, की तिचं काम झालं.

चालण्याबद्दल काही हवंच असेल तर लिबरमन यांच्याच गटाचा २०१९ चा अभ्यास घ्या. केनियातल्या आणि बॉस्टनमधल्या मिळून शंभरेक लोकांचे तळवे त्यांनी तपासले. अनवाणी राहणाऱ्यांचे घट्टे जाड आणि कडक होते, पण जमिनीची कंपनं त्यांना तितकीच जाणवत होती. घट्टा कडक असल्यामुळे कंपन आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोचतं. मऊ, जाड गादीच्या बुटात ते वाटेतच विरतं.

मज्जातंतू शाबूत असले तरच, अर्थात. जुना मधुमेह असलेल्या अनेकांत पायाची जाणीव हळूहळू जाते, आणि मग खडा रुतलेला, तापलेल्या डांबरानं भाजलेलं कळत नाही. घट्ट्याखालीच जखम चिघळत राहते. अशांनी नवरात्र असो वा नसो, अनवाणी चालू नये. डॉक्टर नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ही जाणीव तपासतात. तंतू १० ग्रॅमच्या दाबाला वाकतो, आणि तो टेकलेला कळला की नाही एवढंच विचारतात. तपासणी दोन मिनिटांची आहे, दुखत नाही.