पी.टी.चा तास : तालीम ते धोरण

२०२० च्या नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळ आणि योग हा अभ्यासाचाच भाग झाला, असं सांगितलं जातं. कागदावर हे आधीही होतं.

कोल्हापुरात व्यायाम शाळेत नव्हे, तालमीत रुजला. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला तोही त्यांचाच. तरी दोन्ही गोष्टी वेगळ्याच चालल्या. पहाटे वस्तादांसमोर जोर-बैठका, मग लाल मातीत लढत; शाळेत मात्र कवायत, म्हणजे रांग, ‘सावधान’ आणि ‘विश्राम’. वस्ताद शाळेबाहेरच राहिले.

योग आणखी तिसऱ्याच वाटेने आला. साताऱ्याकडच्या औंध संस्थानात तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनं प्रयोगशाळेत तपासायला घेतली.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगतात. तेव्हा कुठलं धोरण कामाला आलं नाही! सरकारने मात्र १९५४ मध्ये आझाद हिंद सेनेतले जगन्नाथराव भोसले यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय शिस्त योजना आणली. म्हणजे पुन्हा कवायतच.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळ आणि शारीरिक शिक्षण हे शिकण्याचं अविभाज्य अंग मानलं. योग सगळ्या शाळांत नेऊ, त्यासाठी शिक्षक-प्रशिक्षणातही आणू, असंही त्यात होतं. २०२० च्या धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर उपक्रम यांतली भिंतच नको म्हटलं, देशी खेळांतून शिकवण्याचा आग्रह धरला. २१ जूनच्या योग दिनाला २०१५ पासूनच शाळांची मैदानं भरू लागली होती. वर्षातून एका सकाळी ते सोपं असतं.

खरा पेच शिकवणाऱ्याचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक, म्हणजे शिकवणारा, ठेवायचा आहे, तोही अंशकालीन. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला गणित-भाषेच्या रांगेत बसवलं, पण कायद्यातली ही तरतूद अजून आहे तशीच आहे.