पुळणीवरचं पाकीट आणि एमआयडीसीतलं पिंप

पावसाळ्यात कोकणच्या पुळणीवर काय येऊन पडेल याचा नेम नसतो. थर्माकोलचे तुकडे, एकेकट्या चपला, फाटक्या जाळ्यांची भेंडोळी. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या कर्दे किनाऱ्यावर या कचऱ्यात प्लास्टिकने घट्ट गुंडाळलेली पाकिटं सापडली. आत चरस. मग लाडघर, केळशी, कोळथरे, मुरूड करत पाकिटं निघतच राहिली, आणि पलीकडे रायगडात श्रीवर्धनच्या बाजूलाही. एकट्या दापोलीच्या पट्ट्यातून कस्टम्सने दोनशे किलोंहून जास्त माल उचलला.

समुद्रात पडून माल विरघळला कसा नाही? चरस म्हणजे गांजाच्या झाडाचा चीक. त्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, तेलातुपात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. वर प्लास्टिकचे थर आणि त्यात कोंडलेली हवा, म्हणून पाकीट तरंगत राहतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो आणि वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे किनाऱ्याकडे ढकलणारा. वर गुजरातच्या बाजूला समुद्रात टाकलेली वस्तू दापोलीला लागली तर त्यात नवल नाही. कच्छच्या किनाऱ्यावरही त्याच सुमारास अशी पाकिटं मिळत होती.

अंमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्यात एक किलोच्या वर चरस म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’, शिक्षा किमान दहा वर्षं. ही पाकिटं एकेक किलो-सव्वा किलोची, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात दहा वर्षं होती. पण बेड्या घालायच्या कुणाला? लाटेला?

माल समुद्रातच अडवावा म्हटलं तर आपली प्रादेशिक हद्द १२ सागरी मैल, साधारण २२ किलोमीटर. खुल्या समुद्रात परदेशी झेंड्याचं गलबत संशयावरून तपासायचं, तर आधी त्या देशाची संमती हवी. अंमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धच्या १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं १७ वं कलम नेमकं हेच सांगतं. संमती येईपर्यंत खलाशी माल पाण्यात सोडून मोकळे होऊ शकतात. शेखाडीला १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं, तेव्हापासून आपल्याकडे किनाऱ्यावरच्या पहाऱ्याची चर्चा होते. परदेशातून वेळेवर येणाऱ्या एका उत्तराची किंमत मात्र त्या चर्चेत कमीच येते.

ही झाली आत येणाऱ्या मालाची गोष्ट. मला बाहेर जाणारा माल जास्त महत्त्वाचा वाटतो.

ॲसिटिक ॲनहायड्राइड हे नाव रसायन कारखान्यात काम करणाऱ्याला नवं नाही. पाण्यासारखा पारदर्शक द्रव. बूच काढलं की व्हिनेगरचा उग्र वास नाकात जातो, डोळे चुरचुरतात. ॲस्पिरिन यातूनच बनतं, शिवाय रंग आणि ॲसिटेट धागा. आणि मॉर्फिनवर त्याची प्रक्रिया केली की हेरॉइन. शंभर किलो हेरॉइनला हा द्रव १०० ते २५० लिटर लागतो. अफू शेतात पिकते, हे रसायन पिकत नाही. ते कुठल्या तरी कारखान्यातूनच पळवावं लागतं. मग रोहा, महाड, लोटे-परशुरामसारख्या रासायनिक वसाहती असलेल्या देशाकडे जगाने फक्त ‘बळी’ म्हणून बघावं असं कसं होईल?

१९८८ च्याच करारातलं १२ वं कलम अशा रसायनांसाठी आहे. भारतात हे रसायन १९९३ पासून नियंत्रित आहे. २०१३ च्या आदेशाप्रमाणे ते बनवणाऱ्याने, विकणाऱ्याने, वापरणाऱ्याने नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोकडे नोंदणी करायची आणि दर तिमाहीला हिशेब द्यायचा. निर्यातीचं पिंप निघण्याआधी घेणाऱ्या देशाला संगणकावरून सूचना जाते. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय नार्कोटिक्स नियंत्रण मंडळाने ही व्यवस्था २००६ मध्ये सुरू केली. पलीकडचा अधिकारी बघतो: ही कंपनी खरंच आहे का, तिला इतका माल लागतो का? शंका आली की पिंप इकडेच थांबतं. ना गोळी, ना गस्तीनौका. बातमीही होत नाही.

पण ही व्यवस्था नियंत्रित पदार्थांच्या यादीवर चालते, आणि रसायनशास्त्रात वाटा पुष्कळ असतात. मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, या कारखान्यात बनणाऱ्या अंमली पदार्थाचं बघा. त्याला ना अफूचं शेत लागतं, ना गांजाचं झाड. साधी भांडी, थोडं रसायनज्ञान आणि एरवी उद्योगात चालणारी रसायनं पुरतात. २०१५ मध्ये एमडी भारताच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्याही यादीत आलं. पण एका कच्च्या मालावर बंदी आली की बनवणारा एक पायरी मागे जातो आणि त्या मालाचाही कच्चा माल विकत घेतो. तो यादीत नसतो. रेणूला एखादा अणुगट इकडचा तिकडे जोडला तर अंमली पदार्थही नवाच.

त्याची झळ प्रयोगशाळेला बसते. जप्त पूड यंत्रात घातली की कागदावर आलेख उमटतो, त्यात उंच टोकं. ती कशाची आहेत हे खात्रीने, कोर्टात टिकेल असं सांगायचं तर त्याच पदार्थाचा शुद्ध नमुना शेजारी लावून पाहावा लागतो. हा नमुना अनेकदा परदेशातून येतो. आणि पदार्थ यादीतला असेल तर त्या चिमूटभर नमुन्यालाही आयातीचा परवाना लागतो, दोन्ही देशांचे शिक्के लागतात. तस्कराच्या पाकिटाला यातलं काहीच लागत नाही. ते भरतीबरोबर येतं.