सोनेरी कास्क बिटर : स्वाद व पारख

सोनेरी कास्क बिटर ही फिकट सोनेरी रंगाची, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा व सुवास देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा ठळक असलेली इंग्लिश एल (उबदार तापमानाला आंबवलेली) बिअर. कास्क म्हणजे पिंप. तिच्यात मद्यार्क साधारण ३.५ ते ५ टक्के असतो. कारखान्यातून पबमध्ये येते तेव्हा ती गाळलेली किंवा पाश्चरीकरण केलेली नसते. जिवंत यीस्ट पिंपात असते आणि शेवटचे किण्वन तिथेच होते. त्यामुळे तिची चव ठरवण्यात कारखान्याइतकाच वाटा पबच्या तळघराचा असतो, आणि पारख करताना ही गोष्ट सर्वांत आधी ध्यानात घ्यावी लागते.

फिकट बिटर इंग्लंडमध्ये पूर्वीपासून होतीच. मँचेस्टरची बॉडिंग्टन्स १९७०च्या दशकात तिच्या गवतासारख्या पिवळ्या रंगासाठी नावाजलेली होती. मात्र आजच्या सोनेरी एलची सुरुवात बहुधा सॉमरसेटमधील ‘एक्समूर गोल्ड’ (१९८६) आणि सॉल्झबरीजवळच्या हॉप बॅक कारखान्याची ‘समर लाइटनिंग’ (१९८९) यांच्यापासून धरतात. लागरकडे (थंडीत आंबवलेल्या बिअरकडे) वळलेल्या तरुण ग्राहकाला परत आणण्यात या बिअरचा मोठा हात होता. एसेक्समधील क्राउच व्हेल कारखान्याच्या ‘ब्रूअर्स गोल्ड’ने २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा मान मिळवला.

नेहमीचे पिंप ९ गॅलनचे, म्हणजे ७२ पाइंटचे (एक पाइंट सुमारे ५७० मिलिलिटर). त्याला फर्किन म्हणतात. ते आडवे ठेवून वरच्या बुचात सच्छिद्र लाकडी खुंटी ठोकतात, म्हणजे जादा वायू निघून जातो. उसळी थांबली की घट्ट खुंटी बसवून उरलेला वायू राखतात. यीस्ट तळाशी बसावे म्हणून माशांच्या वाताशयापासून केलेले आयझिंग्लास पारंपरिकपणे वापरले जाते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असावे लागते. बिअर हातपंपाने ओढून वर आणतात; बाहेरून वायूचा दाब देत नाहीत.

चव घेताना आधी ग्लास उजेडात धरावा. रंग पेंढ्यापासून मधापर्यंत कुठलाही चालेल, पण गढूळपणा मुद्दाम राखलेला नसेल तर बिअर नितळ हवी. फेसावरून घाईने निष्कर्ष काढू नये. उत्तर इंग्लंडमध्ये नळाच्या तोंडाला स्पार्कलर नावाची बारीक छिद्रांची टोपी लावतात, म्हणून तिथे दाट, सायीसारखा फेस येतो; दक्षिणेत तो पातळच असतो. स्पार्कलरने पोत मऊ होतो, पण कडवटपणाची धार थोडी बोथट होते. हॉप्सवर उभ्या असलेल्या सोनेरी बिटरला ते नेहमीच मानवते असे नाही.

मग वास. मॅरिस ऑटरसारख्या जवापासून केलेल्या फिकट माल्टमुळे (मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे) बिस्किटाचा आणि मधाचा हलका गंध येतो. ईस्ट केंट गोल्डिंग्ज हे हॉप्स असतील तर मातकट, फुलांसारखा सुवास. कॅस्केड किंवा सिट्रा हे अमेरिकी हॉप्स असतील तर संत्रे, पपनस. बर्फगार बिअरमध्ये हे सगळे दबून जाते. कास्क बिअर कोमट असते ही तक्रार बरोबर नाही. ती गार असते, फक्त गोठवलेली नसते.

पहिला घोट मोठा घ्यावा आणि गिळावा. वाइनच्या पारखीत थुंकणे चालते. इथे ते उपयोगाचे नाही, कारण कडवटपणाचा पुरता अंदाज घोट उतरल्यावर येतो. वायू कमी असल्याने जिभेला टोचत नाही. आधी माल्टची सौम्य गोडी, मग फळांचा आंबूस स्पर्श, शेवटी कोरडा, रेंगाळणारा कडवटपणा. चांगल्या बिटरमध्ये हा कोरडेपणाच पुढच्या घोटाची ओढ लावतो. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या जिप्समयुक्त पाण्यात तो अधिक स्पष्ट होतो. तिथल्या बिअरला येणारा गंधकाचा पुसटसा वास दोष मानला जात नाही.

खरे दोष निराळे. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर बहुधा पुरती मुरलेली नाही. व्हिनेगरचा आंबटपणा पिंप फार दिवस उघडे राहिल्याचे किंवा अस्वच्छ नळ्यांचे लक्षण आहे. बिअर ओढली की तिच्या जागी पिंपात हवा शिरते, म्हणून उघडलेले पिंप साधारण ३ दिवसांत संपवावे लागते. सोनेरी बिटरमध्ये भाजलेल्या माल्टचा आडोसा नसल्याने शिळेपणा लवकर कळतो. ज्या पबमध्ये खप कमी आणि हातपंप पुष्कळ, तिथे ती मागवताना आधी घोटभर चाखायला मागावी. पुष्कळ पब ती आनंदाने देतात आणि बिघडलेला पाइंट बदलूनही देतात.